श्वास सोडा

ओस्बेलीनं बटण दाबलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत
शिशाचा एप्रन खुंटीला अडकवत होते.
सोमवार. नेबाखच्या डोंगरावरून उतरलेलं धुकं व्हरांड्यापर्यंत,
बाकावर नऊ जण खोकत,
आणि राजधानीतून शिकायला आलेला हा पोरगा,
कोटाला कडक इस्त्री, सगळं पुस्तकातल्यासारखं:
हनुवटी वर. खांदे पुढे. छाती पाटीला टेकवा.
श्वास घ्या. रोखा. हलू नका.

स्पॅनिशमध्ये. त्याला दुसरी भाषा येत नाही.

चित्र उमटलं. तो पडद्यापाशी वाकला,
बरगड्या मोजू लागला,
आणि "श्वास सोडा" म्हणायचं राहून गेलं.
दोनच तर शब्द.

मी दार उघडलं.
नान फेलिसिआना अजून पाटीला चिकटलेल्या,
पाठीवर दवाखान्याचा उघडा झगा,
विणलेलं विपिल खुर्चीवर नीट घडी घालून,
ओठ काळेनिळे. डोळे उघडे, पण या खोलीत नाहीत.
मी इशिलमध्ये म्हटलं, सोडा, नान. झालं.
पुन्हा म्हटलं.
हात लावला नाही.
तिसऱ्या वेळी आत कुठेतरी कडी निघाली
आणि त्या वाकून खोकल्या, कितीतरी वेळ.

मग पाणी पीत म्हणाल्या, अगदी साधेपणानं,
जशी एखादी बाई बाजारभाव सांगते:
सहा वर्षांची होते. मक्याच्या शेतामागं, कपारीत.
खालून बूट चाललेले, आणि हीच भाषा.
आई म्हणाली, श्वास घेऊ नका.
धाकटा शालीत होता. तो रडला नाही.
नंतरही नाही.

व्हरांड्यात कुणीतरी पुढचा नंबर पुकारत होतं.

तो एक्स-रे मी बत्तीस वर्षांत पाहिलेला सर्वांत स्वच्छ.
हलल्याची पुसटशी रेघ नाही,
एकेक बरगडी कोरल्यासारखी,
उजवीकडे वर क्षयाचा डाग, तोही स्पष्ट.
तपासायला आलेले सर म्हणाले, वा, असा रुग्ण मिळायला भाग्य लागतं.
ओस्बेली जमिनीकडे बघत राहिला.
मीही काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं.

रात्री त्यानं विचारलं, हात का नाही लावलात?
म्हटलं, कुणाचा हात वाटला असता, तुला ठाऊक आहे?
मलाही नाही.
दम देणं, दम धरणं, दम घेणं,
एकाच शब्दाच्या पोटात किती माणसं बसलीत बघ.
आपण दिवसभर हुकूम सोडतो, पोरा.
झोपा. उघडा. काढा. हलू नका.
आपल्याला ती कामाची भाषा वाटते.
आधी विचार: दार उघडं ठेवू की लोटून घेऊ?
सांग, पाटी गार लागेल.
सांग, मी तीन म्हणेन आणि मग तुम्ही सोडाल,
आणि त्याआधी सोडलात तरी चालेल,
आपण पुन्हा काढू. फिल्म स्वस्त आहे.
(फिल्म स्वस्त नाही. महिन्याचा कोटा असतो.
तरी असंच सांग.)

त्यानं वहीत इशिलचा तो शब्द लिहून घेतला,
घशात अडवून मग सोडायचा असतो तो,
त्याला अडवता येई, सोडता येईना.
जेवणघरात, जिन्यात, भांडी घासताना
कोंबडीला उचकी लागावी तसा म्हणत फिरायचा.

दोन महिन्यांनी नान परत आल्या, गोळ्या अर्ध्या संपवून,
अंगावर थोडं मांस, सोबत नातू.
ओस्बेलीनं दार उघडं ठेवलं.
पाटीवर तळवा घासून ती कोमट केली, हे मी शिकवलं नव्हतं.
एक, दोन, तीन,
आणि तो शब्द.

इतका चुकीचा, की त्या पाटीवरच हसल्या.
सगळं चित्र हललं.

धुरकट फिल्म उजेडाला धरून ओस्बेली म्हणाला,
काही दिसत नाही यात.
पुन्हा काढू?
मी म्हटलं, त्यांना विचार.